कोणालाच लागत नाही

माझी वहिनी ज्या प्रोग्रॅमवर काम करते, त्याचं काम घरातल्या कारभारणीसारखं. कॉम्प्युटरवर एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं तर सोबत आणखी काय काय लागेल ते आणायचं, आणि नको झालेलं काढून टाकायचं. वहिनीचा स्वभावही एक घाव दोन तुकडे. चहा हवा की नको, एवढंच विचारते. ‘केला असलास तर घेईन’ म्हटलं की कपाळाला आठ्या.

त्या प्रोग्रॅमला विचारता येतं, अमुक भाग कोणाला लागतो? काही भाग सरसकट लागतात, काही शर्तीवर; दुसरं काही असेल तरच. वहिनीनं ठरवून टाकलं होतं, शर्तीवाले उत्तरात दाखवायचेच नाहीत. नमनाला घडाभर तेल कशाला? ऑफिसात एकानं कुरकुर केली, तर त्यालाच तिनं गप्प बसवलं.

माझ्या आईला दिसत नाही. कॉम्प्युटर तिला पुस्तकं वाचून दाखवतो. त्याचा आवाज कोरडा, पण आई त्याच्याशी भांडते, म्हणजे तो घरचाच झाला. एका रविवारी वहिनीनं सासूबाईंच्या कॉम्प्युटरची साफसफाई काढली. एका भागाबद्दल स्वतःच्याच प्रोग्रॅमला विचारलं. उत्तर आलं, कोणालाच लागत नाही. दिला काढून. तो होता मराठी उच्चारांचा संच. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असेल आणि भाषा मराठी निवडली असेल, तरच लागणारा.

दुपारी आईनं पुस्तक उघडलं आणि कॉम्प्युटर मुका. तिनं पुन्हा पुन्हा कळा दाबल्या. मग हात मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. तिला वाटलं, डोळे गेले तसे आता कानही गेले. शेवटी तिनं मला हाक मारली. माझा संताप झाला. दिव्याखाली अंधार तो हाच, असं मी वहिनीला तोंडावर सुनावलं. एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई, त्या दिवशी थेट आईच्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली.

तिनं संच परत बसवला, आवाज आला. मग आईच्या पायाशी बसून झालेलं सगळं सांगितलं. शर्त कशी असते, ती उत्तरात का धरली नव्हती, सगळं.

“म्हणजे ती शर्त मीच ना गं?” आई म्हणाली. “मग कोणालाच लागत नाही म्हणण्याआधी, मी घरात आहे का एवढं तरी बघायचंस.”

वहिनीनं ऑफिसात आपलाच नियम मोडीत काढला. आता प्रोग्रॅम आधी त्याच कॉम्प्युटरवर काय काय आहे ते पाहतो. शर्त पुरी होत असेल तर ‘लागतो’ म्हणतो; नसेल तर शर्त सांगून मोकळा होतो. साहेब म्हणाले, उत्तर लांबलं. वहिनी म्हणाली, लांबू दे.

आईच्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ती हल्ली तिलाच विचारते, “आई, हे काढू का?”

ते काय आहे हे आईला कुठलं कळायला! पण ती दर वेळी तेच सांगते, “राहू दे. मी आहे अजून.”