गेलेलं अक्षर परत येतं

सूर्यभानाच्या हातून मेंढ्या राखणं होणार नाही, हे त्याच्या बापाला फार लवकर कळलं होतं. लासूर स्टेशनच्या अलीकडे माळावर त्यांचं बिऱ्हाड असे. पोरगा मेंढ्या सोडायचा आणि स्वतः रुळाकडेच्या तारेच्या खांबाला कान लावून उभा राहायचा. खांब गुणगुणतो म्हणे. तोवर मेंढ्या कुणाच्या तरी ज्वारीत शिरलेल्या असत. मग शेतकऱ्याच्या शिव्या, संध्याकाळी बापाचे चार रट्टे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कान खांबाला! सोनाजीआप्पा हात टेकून म्हणायचे, "खांब तुला भाकर देनार हाय का रं?"

पुढे खरोखरच दिली, पण ते आप्पांना तेव्हा काय माहीत!

आप्पांचं एक काम मात्र सूर्यभान खांब सोडून बघायला बसे. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसऱ्या कोकराची आई गेली, की आप्पा दोघांची गाठ घालून देत. मेंढी परक्या कोकराला पाजत नाही, वास घेते आणि ढुशी मारून हाकलते. आप्पा मेलेल्या कोकराचं कातडं काढायचे आणि झूल घालावी तसं जित्या कोकराच्या पाठीवर बांधायचे. मेंढी पुन्हा वास घ्यायची. एकदा, दोनदा. मग मुकाट उभी राहायची आणि कोकरू शेपटी हलवत दूध प्यायला लागायचं. सूर्यभानाला दरवेळी वाटे, यंदा ती ओळखणार. ती कधी ओळखायची नाही.

पंच्याऐंशीच्या सुमाराला वाळूजच्या माळावर कारखान्यांचे पत्रे चढायला लागले. सातवी शिकलेला सूर्यभान तिथं आला तो चर खणायला. दुचाकीचे सुटे भाग करणारी एक कंपनी उभी राहत होती, तिच्या केबलचा चर. चर बुजला, बरोबरचे मजूर दुसऱ्या कामावर गेले, हा मात्र केबलच्या टोकाशी बसून राहिला. कोणती तार कोणत्या रंगाची, कुठून निघते, कुठं उतरते, हे त्याला न विचारता पाठ झालं होतं. साहेबांनी हुसकायच्या ऐवजी कामावर घेतलं. बजाजनगरात एका खोलीचं घर झालं. वाळूजच्या कारखान्यात लोक त्याला वायरवाला म्हणू लागले, आणि त्याला ते नाव सुभेदारी मिळाल्यासारखं वाटे.

दोन वर्षांनी कंपनीनं कॉम्प्युटर घेतला. तो बसला वीसेक किलोमीटरवर चिकलठाण्याच्या मुख्य ऑफिसात, थंडगार काचेच्या खोलीत. वाळूजला आले ते नुसते आठ टर्मिनल, म्हणजे एक पडदा आणि एक कळफलक. मध्ये टेलिफोन खात्याकडून भाड्यानं घेतलेली, फक्त कंपनीची अशी एक लाईन. कॉम्प्युटरचे सर्जेरावसाहेब चिकलठाण्याहून जोडणी करायला आले तेव्हा सूर्यभानाला पकड धरून उभं राहायचं काम होतं. साहेबांनी एक कळ दाबली. काळ्या पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं.

"हे अक्षर कुठून आलं, सांग," साहेब म्हणाले. त्यांना कोडी घालायची खोड होती.

"तुमी दाबलं तितून."

"चूक. हा डबा रिकामा आहे. त्याला स्वतःचं डोकं नाही. मी कळ दाबली ती चिकलठाण्याला गेली. तिकडच्या कॉम्प्युटरनं ती घेतली आणि परत पाठवली. तुला दिसतंय ते गेलेलं नाही, परत आलेलं अक्षर आहे."

सूर्यभान पडद्याकडे बघतच राहिला. साहेब चहाला गेले तशी त्यानं हळूच एक कळ दाबली. अक्षर उमटलं. म्हणजे एवढ्यात ते नगर नाका, क्रांती चौक, सगळं शहर ओलांडून चिकलठाण्याला पोचलं आणि माघारी आलं? त्यानं परत दाबली. परत आलं. साहेब चहा पिऊन आले तेव्हा पडदा एकाच अक्षरानं वरपासून खालपर्यंत भरला होता, आणि वायरवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेब रागावले नाहीत. "माझंही पहिल्या दिवशी असंच झालं होतं," एवढंच म्हणाले.

इंग्रजी अक्षरं सूर्यभान त्या कळफलकावरच शिकला. एका रविवारी बापालाही घेऊन आला. सोनाजीआप्पांनी घोंगडी खांद्यावर सावरत टर्मिनलच्या मागं वाकून पाहिलं.

"आत काय हाय ह्याच्या?"

"काई नाय आप्पा. समदं चिकलठाण्याला. इथून अक्षर जातं अन् तिथून येतं."

आप्पा कंबर सरळ करून उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजी हाक हाय ही. तू हाक मारतो अन् तिकून ओ येते. ओ आली म्हंजी तिकडं कोनतरी जित्तं हाय." पोरगा सहा महिन्यांत जे शिकला ते बापाला उभ्या उभ्या कळलं. त्या दिवसापासून आप्पांनी खांबाचं नाव काढून त्याला टोचायचं सोडून दिलं.

कडुबा त्याच कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. दोघं एकाच चरात खणायला होते, तेव्हापासूनची दोस्ती. कडुबाची बायको भागूबाई आणि पोरं चिकलठाण्याच्या ऑफिसामागच्या वस्तीत राहत. कडुबा रोज कंपनीच्या बसनं शहर ओलांडून वाळूजला येई. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून तो मोर्चात जायचा, पोलिसांच्या काठ्या खायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाठ चोळत प्रेसवर उभा राहायचा.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात एकदा कँटीनमध्ये सूर्यभान बोलून गेला, "गड्या, एका नावापायी किती मार खातूस? नाव बदलून काय व्हनार हाय?"

कडुबानं घास खाली ठेवला. "अठ्ठ्याहत्तर साली ह्याच नावापायी आमचं गावातलं घर जाळलं. आंगावरच्या कापडानिशी निघालो. तवापासून भागूनं एक गाठोडं बांधून दाराशी ठिवलंय. दोन लुगडी, पोरांची कापडं, तवा, पातेलं. गडबड झाली की उचलायचं अन् पळायचं. रोज लागतंय ते पातेलं बी गाठोड्यातच, शेजारनीचं मागून सैपाक करती. तू मला इचारतूस नाव बदलून काय व्हनार?"

सूर्यभानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती, आणि इतक्या वर्षांत त्यानं विचारलीही नव्हती. त्यानंतर कडुबा त्याच्याशी कामापुरतं बोले, आणि ते सूर्यभानाला फार लागे.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीचा दिवस. नामांतर होणार, आज होणार, असं सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी. पहिली पाळी कंपनीच्या बसनं आली आणि नंतर बस फिरकलीच नाही. रस्त्यावर म्हणे पोलीसच पोलीस. ऑफिसातले बाबू आलेच नव्हते. दुपारी रेडिओनं बातमी दिली, नाव झालं. कडुबा प्रेस बंद करून तसाच उभा राहिला. त्याचा आनंद पुरता वर यायच्या आतच गेटवरून दुसरी बातमी आली. कुणी सांगितली, कुणी ऐकली, पत्ता नाही. चिकलठाण्याकडच्या वस्तीला आग लावली म्हणे.

कडुबा फोनकडे धावला. फोन उचलला तर नुसता घोंगाट, सगळं शहर एकाच वेळी बोलायला बसलं होतं. गेटवरचे पहारेकरी पायीही बाहेर सोडेनात. सूर्यभान त्याचा दंड धरून म्हणाला, "चल. आपली लाईन हाय."

त्या कंपनीच्या लाईनवर शहराचा गोंधळ शिरत नसे. सूर्यभानानं टेलिफोनचा चोंगा लावून ऐकलं. आत दोन्ही टोकांच्या यंत्रांच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणजे लाईन जिवंत होती. पण तिकडे निरोप धाडायची सोय फक्त डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करणाऱ्या खात्याच्या टर्मिनलला. बाकी सात टर्मिनल नुसती कामाची नोंद घेत. आणि तासाभरापूर्वी वीज जाऊन आली त्या दणक्यात नेमकं डिस्पॅचचं टर्मिनल जळालं होतं. त्याला अजून करपट वास येत होता.

गोदामात एक नवंकोरं टर्मिनल खोक्यात पडलेलं होतं. सूर्यभानानं ते उचलून आणलं, केबल जोडली, चालू केलं. पडदा उजळला आणि लगेच काळा झाला. परत केलं, परत तेच. त्याला कारण माहीत होतं. चिकलठाण्याचा कॉम्प्युटर प्रत्येक टर्मिनलला आधी विचारी, तू कोण? टर्मिनलनं आपल्यात भरलेलं नाव सांगितलं तरच दार उघडे. हे नवं. ह्याला नावच नव्हतं.

"काय झालं?" कडुबानं विचारलं.

"वळखंना ते ह्याला. ढुशी मारून हाकलतंय."

तोंडातून ते शब्द निघाले आणि सूर्यभान जागच्या जागी थांबला. मेलेल्या टर्मिनलच्या पाठीवर त्यानंच स्वतःच्या हातानं चिकटवलेली पट्टी होती, तिच्यावर नाव होतं. नाव कसं भरतात ते साहेब करताना त्यानं पाहिलं होतं. त्यानं पट्टी सोलून काढली, मांडीवर ठेवली आणि एक एक अक्षर पाहत ते मेलेल्याचं नाव नव्या टर्मिनलमध्ये भरलं. मग चालू केलं.

पडदा उजळला. तिकडून प्रश्न आला असणार. क्षणभर काही नाही. सूर्यभानानं श्वास रोखला, लहानपणी मेंढीकडे बघताना रोखायचा तसा.

पडदा उजळलेलाच राहिला. मग वरच्या कोपऱ्यात हिरवी ओळ उमटली. दार उघडलं होतं!

"नाव," सूर्यभान म्हणाला. "नुसत्या नावावर घेतलं रं त्यानं. अन् मी तुला कँटीनात काय बोललो! चुकलं माझं, कडुबा."

कडुबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आधी भागूचं इचार."

सूर्यभानानं इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप लिहिला. वस्तीला आग लागली का? भागूबाई कुठं? सुदैवानं सर्जेरावसाहेब ऑफिसाजवळच राहत, कॉम्प्युटरला एकटं सोडवेना म्हणून येऊन बसले होते. उत्तर आलं, "धूर दिसत नाही. मी स्वतः वस्तीत जाऊन येतो."

मग बराच वेळ काही आलं नाही. सूर्यभान दर मिनिटाला एक कळ दाबी. अक्षर जाई आणि परत येई. त्याला आप्पांचं बोलणं आठवत होतं, ओ येतेय तोवर तिकडं जित्तं आहे. पण ही ओ यंत्राची होती, माणसाची नव्हती.

अर्ध्या तासानं ओळ उमटली. सूर्यभानानं वाचली, "सगळे सुखरूप. आग वगैरे काही नाही. भागूबाई माझ्याबरोबर इथं आल्या आहेत."

कडुबाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "साहेब माझ्या समाधानासाठी लिवत आसंल तर?"

"आरं, खोटं कशाला लिवतील?"

"तू आत्ता मेलेल्याचं नाव जित्त्याला लावून त्या यंत्राला फशिवलंस. मला कोन फशिवत न्हाय, हे कशावरनं?"

आजवर त्याला ही लाईन म्हणजे देवाघरची गोष्ट वाटत होती. तिच्यातून खोटंही तितक्याच वेगानं येऊ शकतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"इचार तिला," कडुबा म्हणाला, "गाठोडं कुठं हाय. साहेबाला ते म्हाईत न्हाय."

सूर्यभानानं लिहिलं. दोघं पडद्याच्या इतके जवळ गेले की काचेवर वाफ धरली. तिकडे भागूबाई सांगत असावी आणि साहेब दोन बोटांनी लिहीत असावेत, कारण अक्षरं थांबत थांबत येत होती. सूर्यभान जुळवून मोठ्यानं वाचू लागला.

"गा... ठो... डं..."

"गाठोडं काय? फुडं वाच की!"

"येऊ दे आधी. सो... ड... लं. गाठोडं सोडलं."

अक्षरं येतच होती.

"रेडिओ ऐकला अन् सोडलं. पातेलं चुलीवर हाय. घरी आला की तीळगूळ खा म्हनावं."

"परत वाच," कडुबा म्हणाला.

सूर्यभानानं परत वाचलं. आणखी एकदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा कडुबा खाली फरशीवर बसला होता आणि सोळा वर्षांचं रडत होता. बाहेर प्रेसवरची माणसं दारात गोळा झाली होती.

"काय लिवू तिला?" सूर्यभानानं विचारलं.

कडुबानं बाहीनं तोंड पुसलं. "लिव, कडुबा येतोय."

सूर्यभानानं आधी त्याचं नाव लिहायला घेतलं. घाई केली नाही. एक कळ दाबायची आणि अक्षर माघारी आलेलं दिसलं की मग दुसरी. इंग्रजी अक्षरं जुळत गेली, क, डु, बा. सगळं नाव शहर ओलांडून तिकडं भागूबाईपाशी गेलं आणि परत आलं.