हरवलेल्या बॅगांची फाईल

विनिता शेजवळ विठ्ठलवाडीला राहते आणि कोलशेतच्या आमच्या ऑफिसात कामाला येते. माझी खुर्ची तिच्या शेजारची. एका परदेशी विमान कंपनीच्या हरवलेल्या बॅगांची माहिती रोज जुन्या, हिरव्या अक्षरांच्या स्क्रीनवर यायची. कांता, विनिता आणि मी ती बघून बघून नव्या वेबसाइटवर टाइप करायचो. त्या कंपनीचा कारभार अजून मेनफ्रेमवर, म्हणजे आमच्या जन्माआधीच्या पद्धतीने चालणाऱ्या भल्यामोठ्या कॉम्प्युटरवर होता.

"एका कॉम्प्युटरचं दुसऱ्याला सांगायला मध्ये आपण कशाला?" विनिता म्हणायची. घरी बसून ती पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, शिकलेली. शेवटी तिने मेनफ्रेमची मूळ फाईलच मागवून घेतली.

आमच्या टीम लीडरने, साईनाथने, ती उघडली. स्क्रीनभर नुसते @@@@ आणि मध्ये मध्ये चित्रविचित्र खुणा.

"करप्ट आहे. सोड ना यार."

विनिता बघत राहिली. "अरे, ओळीत ठरावीक जागीच येतायत हे. नाव संपलं की पुढे रिकामी जागा असेल, तीच असणार ही."

शोधल्यावर कळलं की मेनफ्रेमची अक्षरांची सांकेतिक पद्धतच वेगळी, आणि तिथली रिकामी जागा आपल्याकडे @ दिसते. अशा फाईली वाचणारं एक ओपन-सोर्स टूलही सापडलं. कुणीही वापरावं, कुणीही आतला कोड बघावा. त्यातून प्रवाशांची नावं झकास बाहेर आली. बॅगांचे नंबर मात्र अजून कचरा! मेनफ्रेम एका अक्षराच्या जागेत दोन आकडे कोंबतो, आणि विनिता त्यांनाही अक्षरं समजून वाचत होती. ओळीत नाव कुठे, आकडा कुठे, याचा आराखडा तिने विमान कंपनीकडून मागवला. तो टूलला दिल्यावर नंबरही सुटले.

पण एका प्रवाशाच्या जास्त बॅगा असल्या की टूल अडखळायचं आणि पुढच्या सगळ्या ओळी सरकायच्या. विनिताने टूलच्या कोडमध्येच दुरुस्ती केली आणि भीत भीत ती मूळ लेखकांना पाठवली. उत्तर आलं, 'छान. पण याची चाचणी कुठे आहे?' तिचा चेहराच उतरला.

दुसऱ्या दिवशी मात्र हसतच आली. तिचा नवरा प्रफुल्ल खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहे. "मी रडगाणं लावलं, तर तो म्हणतो, अगं, ब्रेक दुरुस्त केला म्हणून लगेच पॅसेंजर बसवतो का आम्ही? आधी गाडी फिरवून आणतो. त्यांना तुझी गाडी फिरवून बघायचीय, एवढंच."

तिने खोटी नावं आणि खोट्या बॅगा घालून चाचण्या लिहिल्या. चारपाच दिवसांनी दुरुस्ती टूलमध्ये सामील झाली. टूलच्या पानावर मदत करणाऱ्यांच्या यादीत तिचं नावही लागलं. तिने ते सासूबाईंना, हौसाबाईंना, मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "शेजवळ लिहिलंय ना? मग झालं."

आता फाईल आपोआप येते, वाचली जाते आणि वेबसाइटवर चढते. ते सुरू होताना कांता रडवेली झालेली. "विनिता, आमचं काय गं?"

विनिता तिला घेऊन तडक साईनाथकडे गेली. "सर, बॅग सापडली तरी लोकांना कळायला आठवडा लागतो. त्यांना फोन करून कळवणार कोण? कांताला सगळे एअरपोर्ट पाठ आहेत."

साईनाथने वर विचारलं. होकार यायला बरेच दिवस गेले, पण आला. आता कांता आणि मी फोनवर असतो. बॅग सापडली म्हटल्यावर माणसं इतकी खूश होतात की मागच्या आठवड्यात एका बाईने कांताला लग्नाचं आमंत्रणच देऊन टाकलं.

विनिता मात्र परवा जेवताना लॅपटॉप उघडून बसलेली. त्याच टूलच्या पानावर ब्राझीलच्या कुणीतरी मदत मागितली होती, त्याच्या फाईलमध्ये सगळीकडे @ दिसत होते. पोळीचा घास तोंडात ठेवूनच ती त्याला उत्तर लिहीत होती.