त्याचं ‘तयार’ आणि माझं ‘तयार’

श्रीगोंद्यात माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान. मेलेली बॅटरी फोडायची, मागच्या भट्टीवर शिसं वितळवायचं, साच्यात ओतून नव्या प्लेटा घालायच्या. साखर कारखान्याचा हंगाम लागला की ट्रॅक्टरवाले दारात रांग लावायचे. माझा मावसभाऊ पुण्याला प्रयोगशाळेत, तोही बॅटरीवरच संशोधन करणारा. मग आम्ही भेटल्यावर दुसरं काय बोलणार!

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला त्याचा फोन आला. “दादा, आमची मिठाची बॅटरी तयार झाली! आता शिशाचं काय खरं न्हाई.” मी दुकानात पेढे वाटले, राव. आमच्याकडे तयार म्हणजे टेम्पोत भरा आणि न्या. गूळ तयार, ट्रॉली तयार, तशी बॅटरी तयार. या शब्दाला दुसरा अर्थ असतो हे मला कुठलं ठाऊक?

दिवाळीत तो आला तेव्हा मी भट्टी फोडत होतो. शेजारी उभा राहून चहा पीत म्हणाला, “बरं केलंस दादा, त्या धुरानं छाती गेली असती तुझी.” साचे भंगारवाल्याला दिले, तेही त्याच्या डोळ्यांदेखत.

पुढं वर्षभर मी गिऱ्हाइकांना सांगत राहिलो, “थांबा, नवी येतीय.” ते आधी थांबले, मग हसले, मग दुसरीकडे गेले. भावाचं आपलं एकच, “चाचण्या चालू हायेत.” शेवटी एका दुपारी पुण्याला त्याच्या घरी जाऊन धडकलो. म्हटलं, “दाखव तुझी तयार बॅटरी!”

त्यानं कपाटातून शर्टाच्या बटणाएवढी चकती काढली. “ही बघ. बाजारात यायला अजून सात-आठ वर्षं तरी लागतील, दादा.”

तळपायाची आग मस्तकात गेली. “मग भट्टी फोडताना तोंड शिवलं हुतं का रे तुझं?”

“मला वाटलं, लगेच येईल. खरंच वाटलं. मला तरी काय म्हाईत हुतं?”

एवढ्यात लाईट गेली, पण त्याचा पंखा फिरतच राहिला. मी उठून जिन्याखाली बघितलं. इन्व्हर्टरला शिशाचीच बॅटरी होती, पाच वर्षांच्या हमीची. तिच्यावरच चिकटवलेल्या हमीच्या कार्डावर खरेदीची तारीख होती, माझी भट्टी फुटली त्याच दिवाळीतली.