एक नंबरची मिसळ, एकच स्टार

परीक्षण हा शब्द ऐकला आणि माझ्या सातवीच्या वर्गानं पटापट वह्याच मिटल्या. परीक्षेचाच कुणी मोठा भाऊ असणार, असं त्यांना वाटलं. मी घाईघाईनं सांगितलं, "अरे, या वेळी पेपर तुम्ही तपासायचे. सिनेमाचा, पुस्तकाचा, मिसळीचा, कशाचाही." मिसळीचं नाव काढलं आणि वर्ग जो उसळला तो तास संपेपर्यंत खाली बसला नाही. नाशिकची पोरं, त्यात विषय मिसळ. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलं.

शाळेनं त्या वर्षी प्रत्येक मुलाला ब्लॉगचं एकेक पान दिलं होतं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. गळ्यात पडलं म्हणते खरी, पण मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वर्षानुवर्षं त्याच आवडत्या प्राण्याचे निबंध तपासून मी कंटाळले होते. आता मुलं लिहिणार होती ते माझ्याशिवाय आणखी कुणीतरी वाचणार होतं.

पहिली खेप आली आणि मी कपाळाला हात लावला. पुस्तक एक नंबर, सिनेमा एक नंबर, मामाच्या गावची जत्रा एक नंबर, गंगापूर धरणावरचा वारासुद्धा एक नंबर. मी फळ्यावर छान, मस्त आणि एक नंबर असे तीन शब्द लिहिले आणि तिन्हींवर काट मारली. "हे तिघे आजपासून वर्गाबाहेर. का आवडलं ते लिहा. खरं लिहा आणि मग कुणी रुसलं म्हणून बदलू नका. शेवटी स्टार द्या." पाच स्टार म्हणजे उत्तम, हे आजकालच्या पोरांना काय सांगायचं, म्हणून मी ते सांगितलं नाही.

पहिल्या बाकावर नांदगावहून आलेली एक मुलगी बसायची. शिकायला म्हणून ती आत्याकडे राहत होती आणि आत्यानं नुकतंच मखमलाबाद रस्त्यावर मिसळीचं दुकान टाकलं होतं. आत्या रागावली तर आपल्याला परत गावी पाठवील, हे भय ती मैत्रिणींजवळ सारखं बोलून दाखवायची. तरी तिनं परीक्षण लिहिलं ते आत्याच्याच मिसळीवर, दुकानाच्या नावासकट. ते वाचून मी इतकी हरखले की शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि लगेच ब्लॉगवर चढवलं. स्टारकडे माझं लक्षच गेलं नाही.

त्याच आठवड्यात शाळा सुटायच्या वेळी आत्या शाळेत आली. पदर खोचलेला, हाताला कांद्याचा वास. तिनं फोन माझ्यापुढे ठेवला.

"गिऱ्हाइकानं दाखवलं, मॅडम. पाचातला एक स्टार. माझ्या घरात राहून, माझंच खाऊन. नवं दुकान हाय माझं, लोक आता फोनवर बघून खायला येतात."

मी मुलीला बोलावून घेतलं. दारातूनच आत्याला पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"एवढी वाईट लागते माझी मिसळ, तर जा की नांदगावला," आत्या म्हणाली.

"एकच स्टार का दिलास गं?" मी विचारलं.

"एक नंबर लिहायचं नाय म्हणाला होतात, मॅडम. म्हणून एक दिला." "पाच दिले असते तर पाचवा नंबर झाला असता ना?"

मला हसू फुटलं, तिला रडू. आत्या मात्र हसली नाही.

"ताई, खाली लिहिलेलं वाचलंत का?" मी तिला विचारलं.

"गिऱ्हाइकासमोर कुठं वाचत बसू? लाजच वाटली."

मी फोन मुलीच्या हातात दिला. नाक ओढत ती वाचू लागली.

"रश्श्याची चव घेताना आत्या डोळे मिटते. सुरुवातीला रस्सा पातळ व्हायचा. तेव्हा गिऱ्हाईक उठून गेलं की वाटीत किती उरलं ते ती बघायची. आता काही उरत नाही, तरी ती बघते. मी शाळेतून आले की मला अख्खा पापड मिळतो. मोडलेले ती स्वतः खाते."

आत्या खिडकीबाहेर बघत राहिली.

"रस्सा पातळ होता हे लिहायची काय गरज होती?" ती म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती.

"खरं होतं ना," मुलगी म्हणाली.

मी उत्साहानं संगणकाकडे वळले. "पाच स्टार आत्ताच्या आत्ता करून टाकते."

"कुणी रुसलं म्हणून बदलायचं नाय, म्हणाला होतात."

मी माझ्याच शब्दात सापडले होते आणि खरं सांगते, त्या पोरीचा मला एवढा अभिमान वाटला की मी संगणक बंदच करून टाकला. आत्यानं तिच्या हातातला फोन घेऊन कमरेला खोचला, मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"राहू द्या, मॅडम, हाय तसं. चल गं, घरी."

पुढे एकदा दुपारी मी त्या दुकानात गेले. मुलगी अजून शाळेत खो-खोच्या सरावाला होती. पाटीवर नावाशेजारी पिवळ्या रंगात एकच मोठा स्टार रंगवला होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, "एकच का हो?"

"आमच्या पोरीनं दिलाय," आत्या म्हणाली. "एक नंबर."

मिसळ झणझणीत होती. माझ्या पुढ्यातला पापड मोडका होता. अख्खा डब्यात झाकून ठेवला होता, पोर यायची होती अजून.