महिपतीची पांढरी टेप

महिपतीला खाली बसलेलं मी आजवर दोनदाच पाहिलंय. एकदा महाडात पूर ओसरल्यावर, त्याच्या गॅरेजातल्या चिखलात. दुसऱ्यांदा गेल्या मंगळवारी, सहदेवकाकांच्या फियाटमध्ये.

आता त्याचं गॅरेज पोलादपुरात आहे, माझ्या चहाच्या टपरीला लागून. हा माणूस चहासुद्धा उभ्यानेच पितो, अर्धाच पितो आणि कप कुणाच्या तरी बॉनेटवर विसरतो. पुरात सगळं गेल्यापासून त्याने पाण्याचा धसका घेतलाय. कुठे गळती दिसली की त्याचे हात शिवशिवतात. नळ असो, पंप असो, रेडिएटर असो, प्लंबर वापरतात ती पांढरी टेप काढायची आणि आट्यांवर सात-आठ वेढे द्यायचे. माझ्या पिंपाच्या तोटीलाही त्याने न विचारता दिलेत. मी जाम चिडलो होतो. तोटी मात्र तेव्हापासून गळत नाही, हे कबूल करायला हवं.

सहदेवकाका वर डोंगरातल्या कुडपणचे. तीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली आणि गावी येताना हौसेने एक जुनी फियाट घेऊन आले. नातवाचं, ऋत्विकचं, लग्न गुरुवारी पोलादपुरात होतं आणि नवी नातसून याच गाडीतून चढ चढून घरी न्यायची, असं त्यांनी साऱ्या भावकीला सांगून ठेवलेलं. म्हणून महिपतीने दहा दिवसांपूर्वी गाडीचं पाण्याचं सगळं काम केलं. तेव्हापासून इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा थंडच्या खुणेवरून हलत नव्हता. काका खूश. कुरकुरत होत्या त्या एकट्या त्यांच्या बायको, चंद्राबाईकाकी.

"माझे पाय भाजतात रे," त्या म्हणाल्या होत्या. "ही गाडी थंड नाय."

"काकी, काटा बघा ना. काटा खोटं बोलंल काय?" महिपतीने त्यांना वाटेला लावलं होतं.

मंगळवारी सकाळी गाडी अर्ध्या चढावर वाफा सोडून थांबली. काकांनी ती निवू दिली आणि उताराने परत आणली. काकी माझ्या बाकावर पाय चोळत बसल्या. पंख्याचा पट्टा सैल झाला होता. महिपतीने तो पाच मिनिटांत ताणला.

"झालं तर," काका म्हणाले. "चाललो मी. मांडवाची कामं पडलीत."

"थांबा काका."

"आता काय हाय?"

"इंजिन उकळलं तरी काटा थंडच कसा? नातसून बसलेली असताना परत उकळलं, तर तुम्हाला कळणार कसं? नवरीला भर चढावर उतरवणार काय?"

काकांनी चावी परत महिपतीच्या हातात दिली. घरात पहिलं पाऊल टाकायच्या आधी नातसुनेला रस्त्यावर उभं करायचं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार.

महिपती गाडीभोवती घिरट्या घालू लागला. चावी फिरवून ठेवली, पाण्याची उष्णता मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. काटा झटकन लाल खुणेवर. म्हणजे मीटर आणि वायर ठीक. मग सेन्सर खोलला, माझ्याकडून उकळतं पाणी घेतलं. सेन्सरला वायर जोडली, त्याच्या अंगापासून दुसरी तार इंजिनाला नेली आणि त्याचं टोक पाण्यात धरलं. काटा शहाण्यासारखा वर चढला. सेन्सरही ठीक. मग बिघाड कुठे? त्याने मला दोनदा तेच विचारलं, जणू मी सांगणार होतो.

सेन्सर परत बसवायला उचलला आणि त्याचा हात थांबला. आट्यांवर पांढरी टेप होती. चांगले आठ वेढे. सेन्सरचं लोखंड इंजिनाच्या लोखंडाला टेकतच नव्हतं, विजेची वाटच तुटली होती, मग काटा हलणार कसा? त्याने नखाने टेप सोडवली आणि मुठीत दाबली. हे फक्त मी पाहिलं.

"सेन्सरच खराब असंल रे," काका म्हणाले. "हल्ली माल हलकाच येतो."

नुसतं "होय" म्हटलं असतं तरी मिटलं असतं. मी तर म्हटलंच असतं. महिपतीने मूठ उघडली.

"सेन्सर चांगला हाय. ही टेप मी गुंडाळली, पाणी गळू नये म्हणून. काटा मीच मुका केला. काकी सांगत व्हत्या, मी ऐकलं नाय."

काकांनी त्या टेपकडे पाहिलं. मला वाटलं, आता याची धडगत नाही.

"टेप नको, तांब्याचा वायसर घालून बसव," ते म्हणाले. "आणि तू पुढं बस. घरापर्यंत."

पुढच्या लांब सीटवर ते तिघं, मागे पाण्याचा कॅन धरून मी. टपरी बंद करून कशाला गेलो, मलाच ठाऊक नाही. काटा मधल्या खुणेपर्यंत चढून थांबला, तरी महिपतीचा गुडघा सारखा हलत होता. सकाळी गाडी थांबली होती त्या वळणावर काकींनी चप्पल काढली आणि पाऊल खालच्या पत्र्यावर टेकवलं.

"बरं हाय," काकी म्हणाल्या.

कुडपणला पोचताच महिपती उडी मारून गाडीखाली वाकला. एक थेंब गळत नव्हता. उठला, हात पँटीला पुसले.

"काकी," तो म्हणाला, "गुरुवारी पण तुम्ही पुढंच बसा. चप्पल काढून."