कडेची कणसं

माझ्या मावशीला सगळे 'तडतडी' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. काका गेल्यावर शेत तिचं आणि तिच्या दिराचं मिळून होतं, आणि दरवर्षी भांडण एकच: मका आत्ता काढायचा, की उभ्यानंच अजून वाळू द्यायचा? ओला काढला तर दाणे वाळवायच्या ड्रायरचं डिझेल कमाई पिऊन टाकणार. थांबलं तर वारा पीक झोपवणार.

त्या वर्षी दीर कणसांची पिशवी आणि ओलावा मोजायचं मीटर घेऊन स्वयंपाकघरात आला. "बघा वहिनी, आकडा खाली आलाय. दुपारी कापणीचं मशीन बोलावलंय."

मावशीनं मीटरकडे पाहिलंच नाही. "हात दाखवा, भाऊजी."

"हात कशाला?"

"मक्यात शिरलेल्या माणसाला पाती ओरबाडतात. तुमचे हात नवरदेवासारखे! कणसं कडेच्या ओळीतली ना?"

दिरानं हात पाठीमागे घेतले.

"अहो, कडेला ऊन-वारा चहूकडून लागतो, ती वाळणारच! आतला मका अजून ओला आहे. शेजाऱ्याचा ताप बघून आपल्या पोराला औषध देता का?"

"आणि वारा सुटला तर?"

"ज्यानं पिकवलं तो बघेल."

"त्याला मशीन चालवता येत नाही, वहिनी!"

दुपारी मावशी फाटकात आडवी उभी राहिली. ड्रायव्हर वैतागला. "मावशी, नंबर गेला तर थेट पुढच्या आठवड्यात येईन."

"ये. निवांत ये."

मका छान वाळला. आणि मशीन यायच्या आदल्या दिवशी वारा सुटला. खालचा तुकडा सपाट झाला. मशीनला आडवं पीक उचलता येईना, म्हणून आम्ही हातानं कणसं वेचत होतो. मावशी आभाळाकडे बघून तणतणत होती, "रोज हात जोडते ना? एक दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?"

बांधावरून दीर म्हणाला, "मी सांगितलं होतं."

"सांगा की! पण पोतं धरून सांगा."

तो आत शिरला. पडलेली कणसं जमिनीच्या ओलीनं भिजली होती, ती ड्रायरमध्ये घालावी लागली. उभ्याला मात्र डिझेलचा थेंब लागला नाही, हे मावशीनं जेवताना पुन्हा पुन्हा ऐकवलं.

"आणि आडव्याला?" दिरानं विचारलं.

"आडव्याचं तुमच्या वाऱ्याला विचारा!" तिनं त्याचा हात ओढून दिव्याखाली धरला. कोपरापर्यंत ओरखडे. तिनं हळदीचा डबा त्याच्यापुढे आदळला.

"पुढच्या वर्षी आधी हात दाखवायचे. मीटर नंतर."