अनघाची रेघ

"हिला फ्रान्सच्या सरदारांचे पणजे-खापरपणजे तोंडपाठ. पण स्वतःचे विचारा. गाडी आजोबांवरच थांबते!"

काका प्रसादाचं ताट हातात धरून बोलले. जपानमधल्या सेंदाई शहरातल्या त्यांच्या घरी गणपतीला वीसेक मराठी माणसं जमली होती. सगळी हसली. मीही हसले. तेच अजून सलतं.

खोटं नव्हतं ते. आमची वस्ती गावाबाहेर. आजोबांच्या आधीची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आणि मी इथल्या विद्यापीठात मध्ययुगीन फ्रान्समधल्या प्रांतोप्रांतीच्या सरदार घराण्यांवर काम करते. सरदार मेला की गादी कुणाला, मुलगा नसला तर काय, हे जुन्या दानपत्रांवरून शोधायचं आणि वंशावळ आखायची.

काका नात्याचे नव्हेत. मोठे शास्त्रज्ञ, आणि माझ्या फ्लॅटचे जामीन. इथे परदेशी, एकट्या बाईला जामिनाशिवाय कोण घर देतं? म्हणून सगळे हसून झाल्यावर त्यांनी आपल्या कुलवृत्तांताचे कागद पुढे केले, तेव्हा मी मुकाट घेतले. अकरा पिढ्या. पुण्याला छापायला जायच्या होत्या.

"तुझ्या त्या फ्रेंचांसारखं नीट आखून दे. आणि अनघाचं नाव नको. माझ्याखाली लिही, निःसंतान."

अनघा त्यांची एकुलती मुलगी. कावासाकीला असते. तिने लग्न केलं ते आमच्यासारख्याच वस्तीतल्या मुलाशी.

मी लिहिलं. पेन्सिलीने आखलेली तिची रेघ रबराने खोडली आणि सुबक अक्षरात 'निःसंतान'.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात माझ्या नेहमीच्या काउंटची, एका फ्रेंच सरदाराची, कागदपत्रं उघडली. मठातल्या साधूंनी त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय, मूलबाळ न होता मेला. गादी पुतण्याला. पुतण्याने मठाला जमिनी दिल्या होत्या. पण एका द्राक्षमळ्याच्या दानपत्राखाली बाईचं नाव आहे, शेजारी सहीऐवजी तिने काढलेला क्रूस. काउंटची मुलगी. ती सापडायला मला चार वर्षं लागली. भर परिषदेत मी त्या साधूंना लबाड म्हटलं होतं.

आणि आदल्या दिवशी मी काय केलं? त्यांचंच काम. त्यांना जमिनी तरी मिळाल्या. मी घाबरून केलं.

संध्याकाळी सायकल काढली. काकांच्या टेबलावर नवा तक्ता ठेवला. अनघाची रेघ शाईने. शेजारी जावयाचं नाव, आडनावासकट. खाली त्यांचा मुलगा.

"हे काय?"

"वंशावळ. आहेत त्यांची नावं लिहायची असतात, काका."

"मार्चमध्ये तुझ्या घराचा करार संपतो. लक्षात आहे ना?"

"आहे. दुसरा जामीन बघते."

काकू दारात उभ्या होत्या. "अगं, चहा तरी..." काकांनी नुसतं बघितलं.  पण काकूंनी तक्त्यावरची नजर काढली नाही. नातवाचं नाव वाचत होत्या.

जामीन अजून मिळालेला नाही. घरांच्या तीन एजंटांनी नाही म्हटलं. चौथ्याकडे शनिवारी जाणार आहे. नाहीच जमलं तर सेंदाई सोडेन, काम सोडणार नाही.

घरात भिंतीला माझाही तक्ता लावलाय. सगळ्यात वर आजी आणि आजोबा. दोघंही अंगठा उठवायचे. त्यांच्या वरची जागा कोरी आहे. ती कुणी कोरी ठेवली, हे मी आता प्रत्येक बैठकीत विचारणार आहे. काकांच्या घरीसुद्धा. आणि कुणी हसलं, तर त्याच्याकडे बघत उत्तराची वाट पाहणार आहे.